जानेवारीत मनाली–अटल बोगदा–सिस्सू : स्वतःची गाडी, बर्फ आणि चेन

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून स्वतःच्या गाडीने मनालीला निघतोय. दोघं मोठे, दोन मुलं. मनालीत चार मुक्काम, त्यात एक दिवस अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सू गावाला जाऊन परत यायचा विचार आहे. गाडी डिझेल, बीएस-६, मॅन्युअल गिअर, फ्रंट व्हील ड्राइव्ह. टायर २१५/६० आर १७, कंपनीचे साधेच. कसारा, माळशेज भर पावसात आणि धुक्यात चालवायची सवय आहे, बर्फावर मात्र पाटी कोरी.

विचारायचं असं की बर्फावर पकडीसाठी टायरवर चढवायची चेन इथून विकत घेऊन जावी की तिकडे भाड्याने मिळते ती पुरेल? डिझेल गोठतं म्हणतात ते मनालीपर्यंतही होतं का, की ती फक्त लडाखची गोष्ट? गाडीचं निघायच्या आधी काय काय तपासून घेऊ? आणि मुख्य म्हणजे उतारावर बर्फ लागला तर नेमकं काय करायचं? व्हिडिओंमध्ये दहा जण दहा गोष्टी सांगतात.

---

सोलंगनाला

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

कोरड्या डांबरावर टायरची पकड, म्हणजे घर्षणांक, साधारण ०.७ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो आणि वितळून पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहून खाली. ताशी ३० किमी वेगात ब्रेक दाबला तर कोरड्यावर गाडी ५ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर १७-१८ मीटर लागतात आणि काचेसारख्या बर्फावर ३५. हे सपाट रस्त्याचं गणित झालं. उतारावर उताराची टक्केवारी या आकड्यातून सरळ वजा होते. ८ टक्के उतार आणि घर्षणांक ०.१ असेल तर हाताशी राहतात ०.०२. म्हणजे ताशी २० ला सुद्धा थांबायला पाऊणशे मीटरहून जास्त अंतर लागतं. उतार १० टक्क्यांचा असेल तर गाडी थांबतच नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असो, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) असो, ड्रायव्हर कितीही मुरलेला असो.

म्हणून बर्फाळ उतारावर 'काय करायचं' याचं उत्तर उतार सुरू व्हायच्या आधीच द्यावं लागतं. वरच्या सपाट जागी गाडी पूर्ण थांबवा. पुढची गाडी खाली पोचून बाजूला झालेली दिसू द्या. पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि इंजिनच्या ओढीवर माणसाच्या चालीने उतरा. मधेच दुसऱ्यातून पहिल्यात आणायची वेळ येऊ देऊ नका. तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनचा ब्रेक फक्त पुढच्या चाकांवर येतो. क्लच झटक्यात सोडला तर तीच चाकं अडकतात आणि स्टिअरिंग निकामी होतं. न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून उतरणं हा तर सरळ आत्मघात.

निसटण्याची शंका असेल तिथे डोंगराकडची बाजू धरा. साचलेल्या बर्फात किंवा गटारात चाक गेलं तर नुकसान बंपरचं होतं, दरीकडच्या बाजूला ते हिशेबापलीकडचं असतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम आपल्याकडचाच आहे, पण बर्फावर उतरणाऱ्याला ऐनवेळी थांबता येत नाही. त्यामुळे समोरून गाडी येताना दिसली की रुंद जागा मिळेल तिथेच, आधीच, थांबून राहा.

आता वेळ. दिवसा उन्हाने कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ओघळतं आणि ऊन डोंगराआड गेलं की तेच गोठतं. सोलंग ते धुंडी आणि तिथून बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंतचा भाग अरुंद खोऱ्याचा आहे, दुपारी तीननंतर तिथे सावली पसरते. रस्ता नुसता ओला दिसतो आणि तोच ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ बर्फ, असतो. ओळखायची एक खूण म्हणजे पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नसेल आणि तरी रस्ता चकाकत असेल, तर तो बर्फ समजा. पूल, नाल्याची मोरी आणि दिवसभर ऊन न लागणारी वळणं सगळ्यात आधी गोठतात. पुलाला खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही. सकाळी दहा-साडेदहाच्या आधी मनाली सोडू नका आणि अडीचच्या आत बोगद्याच्या दक्षिण बाजूला परत या. सिस्सूत मुलं अजून खेळायचं म्हणतील, तरी निघा.

ताजा बर्फ पडला की पोलीस पर्यटकांच्या गाड्या नेहरू कुंडापाशी किंवा सोलंगला थांबवतात आणि पुढे फोर बाय फोर किंवा चेनवाल्यांनाच सोडतात. त्या दिवशी वाद घालू नका, गाडी मनालीतच ठेवा आणि स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करा. माझं मत विचाराल तर चार दिवसांतला सिस्सूचा दिवस असाही टॅक्सीनेच करावा. तुम्ही नाशिकहून दीड हजार किमीहून जास्त गाडी हाकत आलेले असाल, हा २५ किमीचा चढ शिकायची जागा नव्हे.

---

पाना_१२_१३

गाडीचं मी सांगतो.

डिझेल. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण धरतात आणि फिल्टरच्या जाळीवर बसतात. टाकीतलं डिझेल पातळ दिसत असतानाही इंजिन बंद पडतं ते यामुळे. मनालीत जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली काही अंश असतो, बोगद्यापलीकडे सिस्सूत उणे १० किंवा आणखी खाली. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसारख्या भागांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याच अडचणीपायी. नाशिकच्या पंपावरचं डिझेल त्या हवेसाठी बनलेलं नसतं. वाटेत टाकी अशा बेताने रिकामी करत न्या की कुल्लूला पोचताना पाव उरेल, मग तिथे किंवा मनालीत फुल्ल करा. रात्री टाकी भरलेली असेल तर आत ओलाव्याचं पाणीही कमी धरतं. फिल्टर १५-२० हजार किमी चाललेला असेल तर निघण्यापूर्वी बदला आणि तळाशी पाण्याचा बोल्ट असेल तर पाणी काढून टाका.

रॉकेल मिसळा असं कोणीतरी नक्की सांगेल. जुन्या ट्रकच्या पंपाला ते चालून जायचं. आताच्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे फार जास्त दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा असते; तिच्या पंपाला डिझेल हेच वंगण असतं, रॉकेलने ते जातं. अँटी-जेल, म्हणजे डिझेल गोठू न देणारं रसायन, टाकायचं तर डिझेल भरताना, गोठायच्या आधी टाका. मेण धरल्यावर त्याचा उपयोग नसतो.

सकाळी चालू झाली नाही तर स्टार्टर मारत बसू नका. एका वेळी १० सेकंद, मधे मिनिटभर थांबा, असं तीनदा. तरी नाही झालं तर फिल्टरवर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं गुंडाळा आणि गाडीवर ऊन येऊ द्या. टाकीखाली शेकोटी पेटवणारे भेटतील, त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका. तुमच्या गाडीला डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असेल तर ते द्रावण उणे ११ ला गोठतं, पण त्यात फारसं काळजीचं नाही. गाडी चालू झाली की ते वितळतं, टाकी त्या हिशेबानेच केलेली असते.

कूलंट. आपल्याकडची गाडी तिकडे मरते ती बहुतेक इथेच. उन्हाळ्यात पातळी कमी झाली की गॅरेजवाला साधं पाणी ओततो, वर्ष-दोन वर्षांत कूलंटचं नुसतं रंगीत पाणी होतं. ५०-५० ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर असेल तर साधारण उणे ३५ पर्यंत चिंता नाही. साधं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि रेडिएटर किंवा ब्लॉक फोडतं. हायड्रोमीटरने मोजायला दोन मिनिटं लागतात. शंका वाटली तर पूर्ण रिकामं करून नवीन भरा, रंग पाहून ठरवू नका.

वॉशर. त्यातही साधं पाणी नको, पंप आणि नळी फुटते. तयार हिवाळी फ्लुइड मिळालं नाही तर केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी दोन भाग. उणे १५ च्या आसपास टिकतं. भरल्यावर दोन-चारदा फवारा मारा म्हणजे नळीतलं जुनं पाणी निघून जाईल. हे मिश्रण पेट घेतं, कॅन उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका.

बॅटरी. शून्य अंशाला तिची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होते आणि थंड तेलामुळे इंजिन फिरवायला लागते मात्र जास्त. तीन वर्षांची झाली असेल तर लोड टेस्ट करूनच निघा. डिझेलला डॅशबोर्डवरचा इंजिन-हिटरचा (ग्लो प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर.

हवा. तापमान सहा-साडेसहा अंश उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते. नाशिकच्या २५ अंशांतून उणे ५ मध्ये गेलात तर साडेचार-पाच पीएसआय गेले. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेज दोन-सव्वादोन पीएसआय जास्त दाखवतो. बेरीज-वजाबाकी होऊन मनालीत अडीच-तीन कमी दिसेल. सकाळी थंड टायरमध्ये मोजून दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. 'बर्फात हवा कमी करा' हा सल्ला भुसभुशीत खोल बर्फापुरता. गोठलेल्या डांबरावर त्याने काही साधत नाही आणि चेन मात्र सैल बसते.

टायर. खाच ४ मिलिमीटरच्या खाली असेल तर हा बेतच सोडा. कायद्याचे १.६ मिलिमीटर इथे कामाचे नाहीत.

---

मिशिगनकर

वरच्या दोघांनी सांगितलेलं पटतं. चालवण्याबद्दल थोडी भर.

साध्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं, त्यामुळे बर्फ नसलेल्या थंड रस्त्यावरही पकड कमी असते. इकडे त्यासाठी हिवाळी टायर लावतात. त्यांच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. इकडच्या लोकांचे सल्ले वाचताना एवढं ध्यानात असू द्या की त्यांच्या गाडीला ते टायर असतात आणि रस्त्यावर मीठ पडलेलं असतं. तुमच्याकडे दोन्ही नसणार.

घसरण्याचे दोन प्रकार असतात. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते, म्हणजे पुढची चाकं सुटली. अशा वेळी सगळे आणखी वळवतात आणि तिथेच चुकतं. पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, पकड आली की पुन्हा हलकेच वळवा. दुसरा प्रकार म्हणजे मागचा भाग बाजूला सरकतो. ब्रेकला हात, पाय काहीही लावू नका, नजर जायचं तिकडे ठेवा आणि स्टिअरिंग त्या दिशेला फिरवा. गाडी सरळ होऊ लागली की लगेच स्टिअरिंगही परत आणा, नाहीतर ती उलट्या बाजूला झोका घेते.

एबीएस असेल तर ब्रेक एकदाच दाबून धरून ठेवा. पायाखाली थरथर, खरखर होईल, ती त्याचीच. घाबरून पाय काढणारे खूप. दाबून-सोडून करायचं ते बिनएबीएसच्या गाडीत. भुसभुशीत ताज्या बर्फात मात्र एबीएसने थांबायचं अंतर वाढतं, हे धरून चला.

चढ लागला की खाली थांबा, पुढची गाडी माथ्यावर जाऊ द्या, मग दुसऱ्या गिअरमध्ये एका संथ वेगात न थांबता चढा. अर्ध्यावर थांबलात तर परत निघणं अवघड. चाक जागीच फिरू लागलं तर ॲक्सिलरेटर वाढवू नका, त्याने खालचा बर्फ वितळून गुळगुळीत होतो. रुतलेल्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू लागलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) तात्पुरतं बंद करा, सुटल्यावर आठवणीने चालू करा. चाकापुढे रेती, बारीक खडी किंवा लाकडाची राख टाका. मीठ उणे ९-१० च्या खाली फार हळू चालतं, सिस्सूच्या रात्री त्याचा भरवसा नको.

आणखी एक. 'फोर बाय फोर आहे, काही होत नाही' हे चढताना आणि निघताना खरं. थांबायला सगळ्यांनाच चार चाकं आणि तेच टायर. मागून अशी गाडी बिनधास्त येताना दिसली तर तिला पुढे जाऊ द्या.

---

गोदाकाठ

खूप आभार. कूलंट उद्याच मोजून घेतो. टॅक्सीचा सल्लाही पटला, पण मनालीतच रात्री बर्फ पडला तर हॉटेलपासून हमरस्त्यापर्यंत तरी गाडी काढावी लागेल, म्हणून चेन लागेलच असं दिसतं. ती चढवायची कशी? आणि बोगद्यात चेनसकट जायचं का? हॉटेल उतारावर आहे, रात्री गाडी कशी लावू?

---

सोलंगनाला

चेन विकतच घ्या. भाड्याची मिळते, पण तुमच्या मापाची मिळेलच असं नाही आणि सैल चेन ही चेन नसण्यापेक्षा वाईट. सुटलेलं टोक ब्रेकचा होज किंवा एबीएसची वायर तोडतं. टायरवरचं माप, २१५/६० आर १७, पाकिटावर छापलेलं असलंच पाहिजे. त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनमध्ये जागा इतकी कमी असते की कंपनी फक्त बारीक कड्यांची चेन चालवून घेते. कापडी कव्हर मिळतात तीही ताज्या बर्फावर बरी चालतात, पण डांबरावर काही किलोमीटरांत फाटतात.

ताकद ज्या चाकांना, चेन त्या चाकांना, म्हणजे तुमच्या पुढच्या दोघांना. मात्र त्यामुळे उतारावर पुढचा भाग धरून राहतो आणि मागचा मोकळा असतो. वळणावर ब्रेक मारलात तर गाडी मागून फिरते. चेन लावली तरी उतरायची चाल तीच, माणसाची.

चढवायचा सराव नाशिकला घरासमोर दोनदा करा. बर्फात बोटं बधिर होतात आणि सूचनांचा कागद भिजतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड. चेन प्लास्टिकच्या कागदावर पसरून पीळ काढा, आकड्यांची उघडी तोंडं बाहेरच्या बाजूला हवीत, नाहीतर टायरमध्ये रुततात. आतली केबल चाकामागून सरकवा, दोन्ही टोकं वर घेऊन आतल्या बाजूने जोडा, मग जाळी टायरवर ओढून बाहेरचा आकडा अडकवा. शेवटी ताण देणारी साखळी खेचून तिचं टोक घट्ट गुंतवा, लोंबू देऊ नका. ५०-१०० मीटर हळू चालवा, उतरा, पुन्हा खेचा. हा दुसरा ताण बहुतेक जण देत नाहीत आणि चेन सुटते ती यामुळेच. गुडघ्याखाली घ्यायला रबरी मॅट, हातात रबरी मोजे, आतून लोकरीचे.

वेग २०-३०, चेनवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे कधीच नाही. बोगदा ९.०२ किमी आहे आणि आत रस्ता कोरडा असतो. एवढं अंतर कोरड्यावर नेलं तर कड्या झिजतात, टायर कापतो. तोंडाजवळ सुरक्षित रुंद जागा असेल आणि पोलीस थांबू देत असतील तर काढा, पलीकडे पुन्हा चढवा. म्हणूनच तर म्हटलं, टॅक्सी.

---

पाना_१२_१३

रात्री लावण्याबद्दल. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओली केबल किंवा लायनिंग गोठून चाक जाम होतं. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, चाकाला दोन चांगले दगड, आणि पुढची चाकं भिंतीकडे वळवलेली. सकाळी निघताना दगड उचलून कडेला टाका, तिकडचे ड्रायव्हर रस्त्यात सोडलेल्या दगडाबद्दल शिव्या घालतात आणि योग्यच करतात. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो आपोआप लागतो. तो थांबवायचा कसा ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

उतार जरा जास्त असेल तर हे सगळं करत बसण्यापेक्षा खाली सपाटीवर पैसे भरून लावा.

वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. छपरावरचा बर्फ झाडूनच निघा, नाहीतर पहिल्या ब्रेकला सगळा ढीग पुढच्या काचेवर येतो. आत काचेवर वाफ धरली तर हीटरसोबत एसी चालू करा आणि रिसर्क्युलेशन बंद ठेवा.

---

मिशिगनकर

एक राहिलं, आणि ते मुलांसाठी महत्त्वाचं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या होत्या. असं अडकलात तर इंजिन सतत चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. मागे साचलेला बर्फ सायलेन्सरचं तोंड बंद करतो आणि धूर खालून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. पाकिस्तानातल्या मरी इथे जानेवारी २०२२ मध्ये गाड्यांत अडकून किमान २२ जण दगावले, तेव्हा थंडी आणि हा वायू ही दोन कारणं पुढे आली.

आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने दूर करा. मग तासाला दहा मिनिटं इंजिन, वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच दोन बोटं उघडी. दर वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी सायलेन्सर पुन्हा बघा. गाडीत माणशी एक घोंगडी, छोटं फावडं, टॉर्च, पाणी, थर्मास, सुका खाऊ, भरलेली पॉवर बँक. गाडी सोडून अंधारात चालत निघू नका.

निघण्याच्या सकाळी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट किंवा डीजीआरईचा (हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या संरक्षण संशोधन संस्थेचा) इशारा असेल तर त्या दिवशी मनालीतच. लाहौल-स्पिती पोलिसांच्या फेसबुक पानावर रस्त्याची स्थिती येत असते. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, बाकी ११२. हे तिन्ही कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, थंडीत मोबाइलची बॅटरीही पटकन बसते.